उडत्या तबकडीची म्हणून आलेली हौशी चित्रफीत कशी तपासावी

२ जुलै १९५२ रोजी सकाळी अकराच्या सुमारास अमेरिकेच्या यूटा राज्यातील ट्रेमाँटन गावाच्या उत्तरेला सुमारे सात मैलांवर एक मोटार रस्त्याकडेला थांबली. गाडीत डेल्बर्ट न्यूहाऊस, त्यांची पत्नी आणि दोन मुले होती. न्यूहाऊस हे अमेरिकी नौदलातील वॉरंट ऑफिसर होते आणि हवाई छायाचित्रण हेच त्यांचे काम होते. आकाशातले दहा-बारा चकाकते ठिपके आधी त्यांच्या पत्नीला दिसले. कॅमेरा सामानात बांधलेला होता, त्यामुळे तो बाहेर काढेपर्यंत ठिपके बरेच दूर गेले होते, तरीही १६ मिलिमीटरच्या रंगीत फिल्मवर सुमारे १२०० फ्रेम, म्हणजे सव्वा मिनिटाचे चित्रण त्यांनी केले. ही फिल्म डेटन येथील हवाई दलाच्या तांत्रिक गुप्तवार्ता केंद्राकडे आणि पुढे वॉशिंग्टनजवळच्या अ‍ॅनाकोस्टिया येथील नौदलाच्या छायाचित्र-विश्लेषण प्रयोगशाळेकडे गेली. तेथील तंत्रज्ञांनी तिच्यावर सुमारे एक हजार मनुष्यतास खर्च केले आणि हे ठिपके पक्षी, फुगे किंवा विमाने नसून स्वयंप्रकाशी वस्तू असाव्यात असे मत दिले. जानेवारी १९५३ मध्ये अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयएने भौतिकशास्त्रज्ञ एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीने तीच फिल्म पाहिली, तंत्रज्ञांचे सादरीकरण ऐकले आणि हे बहुधा पक्षी असावेत असा निष्कर्ष काढला.

एकाच सव्वा मिनिटाच्या चित्रणावर दोन जाणत्या गटांची मते इतकी वेगळी का झाली, हे समजून घेतले तर अशा कोणत्याही चित्रफितीच्या तपासणीची योग्य रीत आपोआप हाती येते. पुढील मार्गदर्शन मी त्याच वादाच्या आधारे मांडत आहे. चित्रण जुन्या फिल्मवरचे असो वा मोबाइलमधले, कामाचा क्रम फारसा बदलत नाही.

मूळ प्रत आणि तिचा ताबा

तपासणी मूळ प्रतीवरच करावी. हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण तो प्रत्यक्षात किती सहज मोडला जातो याचे उदाहरण म्हणजे हीच ट्रेमाँटन फिल्म. नौदलाच्या तंत्रज्ञांनी ठिपक्यांच्या तेजाची मोजमापे मूळ फिल्मवरून न करता नकलेवरून केली होती. समितीच्या नोंदीनुसार मूळ प्रतीत आकाशाची पार्श्वभूमी बरीच फिकट आणि ठिपके त्यामानाने पुष्कळच कमी तेजस्वी दिसले. म्हणजे ‘स्वयंप्रकाशी’ या शब्दामागचा बराचसा प्रकाश नक्कल काढताना वाढलेल्या गडद-फिकटातल्या फरकाचा होता.

मोबाइलच्या चित्रणाला हा धोका अधिक आहे, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली व्हिडिओ फाइल दाबून लहान केली जाते, तिच्यातील बारीक तपशील पुसले जातात आणि चित्रणाच्या वेळेची व जागेची नोंदही बहुधा गळते. म्हणून चित्रण करणाऱ्याकडे स्वतः जाऊन त्याच्या मोबाइलमधून केबलने फाइल उतरवून घ्यावी. ते शक्य नसेल तर ती ईमेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून मागवावी आणि आलेल्या फाइलची एक प्रत हात न लावता बाजूला ठेवून द्यावी.

ताब्याची लेखी नोंद पहिल्याच दिवशी करावी. मोंटाना राज्यातील ग्रेट फॉल्स येथे ऑगस्ट १९५० मध्ये तेथील बेसबॉल संघाचे व्यवस्थापक निक मारियाना यांनी दोन तेजस्वी वस्तूंचे चित्रण केले आणि ती फिल्म हवाई दलाला दिली. फिल्म परत आल्यावर सुरुवातीच्या तीसेक फ्रेम, ज्यांत वस्तू सर्वांत स्पष्ट दिसत होत्या, त्या गायब असल्याची तक्रार त्यांनी केली. हवाई दलाने मात्र खराब झालेली एकच फ्रेम काढल्याचे सांगितले. फिल्म घेताना दोघांच्या समक्ष फ्रेम मोजून कागदावर सह्या झाल्या असत्या तर हा प्रश्न पाच मिनिटांत सुटला असता. तसे न झाल्यामुळे तो आजही तसाच आहे.

कॅमेरा आणि साक्षीदार

त्यानंतर कॅमेऱ्याची माहिती घ्यावी, आणि शक्य असेल तर कॅमेराच मागून घ्यावा. न्यूहाऊस यांचा कॅमेरा बेल अँड हॉवेल कंपनीचा होता, भिंग तीन इंची टेलिफोटो होते, फिल्म दिवसाच्या प्रकाशासाठीची कोडाक्रोम होती, वेग सेकंदाला १६ फ्रेमचा होता, आणि चित्रण काही भागात एफ/८ व काही भागात एफ/१६ या छिद्रावर (भिंगातून प्रकाश आत येण्याची वाट; आकडा मोठा तितके छिद्र लहान) झाले होते. छिद्र एफ/८ वरून एफ/१६ वर नेले की फिल्मवर पडणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो. हे ठाऊक नसलेला माणूस ठिपके अचानक मंदावल्याचा अर्थ भलताच लावील. मोबाइलच्या बाबतीत मॉडेल, वापरलेला झूम, तो भिंगाचा होता की नुसता चित्र मोठे करणारा डिजिटल, आणि फोकस आपोआप बदलत होता का, हे विचारावे. फोकस चुकला की शुक्रासारखा ग्रहसुद्धा पडद्यावर एक मोठी, कडा असलेली तबकडी होऊन बसतो.

साक्षीदाराशी बोलताना त्याने आधी स्वतःच्या शब्दांत सलग सांगावे आणि आपण मध्ये बोलू नये. प्रत्येक साक्षीदाराला वेगळे बसवून विचारावे, आणि निवेदन दिनांक घालून त्याच वेळी लिहून घ्यावे. दिनांकावर माझा एवढा भर असण्याचे कारण असे की, वस्तू जवळ असताना त्या एकमेकींवर पालथ्या घातलेल्या दोन बशांसारख्या दिसल्या, हे न्यूहाऊस यांच्या नावावरचे प्रसिद्ध वर्णन त्यांच्या सुरुवातीच्या लेखी निवेदनात आढळत नाही, ते नंतरच्या मुलाखतींतून पुढे आले. याचा अर्थ माणूस खोटे बोलतो असा मुळीच नाही. आठवण सांगता सांगता घडत जाते, आणि तपासणाऱ्याच्या प्रश्नांनीही ती घडते, म्हणून पहिल्या दिवशीचे निवेदन आणि वर्षभरानंतरचे निवेदन यांना सारखे वजन देता येत नाही.

ग्रेट फॉल्सच्या प्रकरणात तर दिवसाबद्दलच शंका निर्माण झाली. सर्वत्र छापला गेलेला दिनांक १५ ऑगस्ट असला तरी पुढे कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड काँडन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या अभ्यासात संघाच्या सामन्यांचे वेळापत्रक तपासले गेले, तेव्हा त्या सुमारास घरच्या मैदानावर सामनाच नसल्याचे दिसून आले. त्या दिवशी जवळच्या हवाई तळावर दोन एफ-९४ जेट विमाने उतरली होती आणि त्यांच्या अंगावरून परावर्तित झालेले ऊन हेच चित्रणातले ठिपके असावेत, असे हवाई दलाचे स्पष्टीकरण होते. दिवस चुकला की असे स्पष्टीकरणही आधार गमावते आणि ते खोडून काढणारा युक्तिवादही गमावतो. म्हणून दिनांकाला साक्षीदाराच्या स्मरणाबाहेरचा एखादा पुरावा शोधावा. पेट्रोल पंपाची पावती, शाळेची सुट्टी, सामन्याची बातमी, काहीही चालेल.

त्या वेळी त्या आकाशात काय होते

जागा आणि वेळ पक्की झाली की त्या क्षणी त्या दिशेला काय असू शकत होते याची यादी करावी. सूर्याची जागा, चंद्र व ग्रह, जवळचे विमानतळ, हवामान खात्याचे फुगे, वाऱ्याची दिशा, उपग्रहांच्या रांगा, पतंग, ड्रोन आणि पक्षी ही तिची सुरुवात होय. लष्करालाही ही पायरी ओलांडून जाता येत नाही. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखमध्ये भारतीय जवानांनी पँगाँग सरोवराच्या परिसरात आकाशातील तेजस्वी वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या होत्या आणि त्या सीमेपलीकडून येणारे हेरगिरीचे ड्रोन असावेत असा संशय होता. खगोलशास्त्रज्ञांनी वेळ आणि दिशा यांच्या नोंदी तपासल्यावर त्या वस्तू गुरू आणि शुक्र ठरल्या. जवानांनी वेळ व कोन शिस्तीने लिहून ठेवले होते, म्हणूनच हे उत्तर मिळू शकले.

एकच घटना अनेकांनी वेगवेगळ्या गावांतून टिपली असेल तर ती संधी दवडू नये. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या रात्री, विदर्भापासून खानदेशापर्यंत आगीचे गोळे ओढत जाणारी रांग लोकांनी मोबाइलवर टिपली आणि त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे पडलेले सापडले. ते पृथ्वीच्या वातावरणात परतलेल्या चिनी रॉकेटचे अवशेष असावेत असे तज्ज्ञांनी सांगितले. दोन गावांतून एकाच क्षणी घेतलेल्या दिशा नकाशावर रेघांनी जोडल्या तर वस्तूचे अंतर मिळते, आणि अंतर हीच एक गोष्ट एकट्या चित्रफितीतून कधी मिळत नाही.

कोन, अंतर आणि वेग

हा या कामाचा गाभा आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. चित्रफितीवर मोजता येतो तो केवळ कोन. प्रतिमेच्या रुंदीला भिंगाच्या नाभीय अंतराने (फोकल लेंग्थ) भागले की वस्तूची रुंदी आणि तिचे अंतर यांचे गुणोत्तर मिळते, आणि त्यापलीकडे काहीही मिळत नाही. उदाहरणार्थ, तीन इंची म्हणजे सुमारे ७६ मिलिमीटरच्या भिंगाने घेतलेल्या फिल्मवर ठिपका ०.१ मिलिमीटरचा भरला, तर वस्तू तिच्या रुंदीच्या ७६० पट अंतरावर आहे इतकेच म्हणता येईल. ती ७६० मीटरवरची एक मीटर रुंदीची वस्तू असू शकते, अथवा आठ किलोमीटरवरची साडेदहा मीटरची असू शकते. फिल्म दोहोंत भेद करीत नाही.

वेगाचेही तसेच आहे. १६ मिलिमीटर फिल्मची फ्रेम जेमतेम दहा मिलिमीटर रुंद असते, म्हणजे या भिंगातून आकाशाचा पावणेआठ अंशांचा तुकडा दिसतो. समजा, कॅमेरा स्थिर धरलेला असताना ठिपका या टोकापासून त्या टोकापर्यंत चार सेकंदांत गेला. वस्तू ५०० मीटरवर असेल तर तिचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या आसपास येतो, जो उडणाऱ्या पक्ष्याला शोभेल असा आहे. तीच वस्तू आठ किलोमीटरवर मानली तर वेग ताशी ९७० किलोमीटरच्या घरात जातो. म्हणून तपासणीच्या कागदावर वेगाचा एकच आकडा कधीही लिहू नये. निरनिराळ्या अंतरांसाठी रुंदी आणि वेग यांचा तक्ता करावा आणि कोणत्या ओळीत ओळखीची वस्तू बसते ते पाहावे.

न्यूहाऊस यांनी एक गोष्ट अत्यंत जाणतेपणाने केली. एक ठिपका थव्यातून वेगळा होऊन उलट दिशेला निघाला, तेव्हा त्याचा पाठलाग करण्याऐवजी त्यांनी कॅमेरा स्थिर धरला आणि ठिपक्याला चित्रातून जाऊ दिले, जेणेकरून त्याचा कोनीय वेग मोजता यावा. माझ्या मते त्या संपूर्ण फिल्ममधला हा सर्वांत मोलाचा भाग आहे. पण तेथेही समितीने उणीव दाखवली. कॅमेरा तिपाईवर नव्हता, हातात होता, आणि हाताचा कंप किती होता हे फिल्मच्या आधीच्या भागावरून काढता येत असताना तो नौदलाच्या तंत्रज्ञांनी काढलेल्या या ठिपक्याच्या मार्गाच्या आलेखांतून वजा केलेलाच नव्हता. आपल्या चित्रणात झाड, खांब, गच्चीचा कठडा असे काही स्थिर दिसत असेल तर ठिपक्याची जागा प्रत्येक फ्रेममध्ये त्याच्या संदर्भानेच मोजावी. ग्रेट फॉल्सच्या फिल्ममध्ये पाण्याची टाकी दिसते, तिने हे काम पुष्कळ सोपे केले. संदर्भच नसेल तर थव्यातील ठिपक्यांची एकमेकांपासूनची अंतरे मोजावी, कारण हात कितीही हलला तरी सर्व ठिपके एकाच वेळी सारखेच हलतात.

तेजाबद्दल थोडक्यात सांगण्यासारखे एवढेच आहे. फुगीर, चकचकीत पृष्ठभागावरून सूर्यप्रकाश परावर्तित होतो तेव्हा लकाकी इतकी प्रखर असते की वस्तूचा बाकीचा भाग तिच्यामागे लपतो आणि फिल्मवर गोल, निळसर पांढरा ठिपका उरतो. नौदलाच्या अहवालात नेमके हेच वर्णन होते. तेज सतत टिकले, लुकलुकले नाही, म्हणून ते परावर्तन असूच शकत नाही, असाही युक्तिवाद केला जातो. समितीचे उत्तर असे होते की अर्धगोलाकार पृष्ठभाग साठ अंशांच्या वळणातही न लुकलुकता चमकू शकतो.

जागेवर जाऊन तुलना करणे

आता ज्या पायरीसाठी मी हे सर्व लिहीत आहे तिच्याकडे येतो. एक हजार तास मोजमाप करणाऱ्या तंत्रज्ञांनी त्याच जातीचा कॅमेरा, तेच भिंग आणि तीच छिद्रे वापरून कोडाक्रोम फिल्म निरनिराळ्या प्रकाशाला कसा प्रतिसाद देते याची चाचणी केली नव्हती. ट्रेमाँटनच्या दक्षिणेला ग्रेट सॉल्ट लेक आहे आणि तेथून जवळच बेअर नदीच्या मुखाशी स्थलांतरित पक्ष्यांचे मोठे अभयारण्य आहे. कुरव (सीगल) हा तर यूटाचा राज्यपक्षीच आहे. असे असताना दुपारच्या उन्हात उडणारे पांढरे कुरव कोडाक्रोमवर कसे दिसतात हे प्रयोगशाळेने पाहिले नव्हते. समितीला दाखवलेल्या एका छोट्या फिल्ममध्ये उन्हात चमकणारे कुरव दिसले, आणि समितीचे मत पक्ष्यांकडे झुकण्यात त्या चित्रणाचा मोठा वाटा होता. ट्रेमाँटन परिसरातच तशाच हवेत पॉलिथिनचे फुगे सोडून त्यांचे चित्रण करावे, पक्षितज्ज्ञाला उड्डाणाच्या सवयी विचाराव्यात आणि ठिपक्यांच्या मार्गावरून वेगाने वळताना त्यांना सोसावा लागणारा भार (जी-बल) काढावा, असेही समितीने सुचवले.

हीच कृती आपण आपल्या पातळीवर करावी. वर्षाच्या त्याच सुमारास, दिवसाच्या त्याच वेळी, तसेच आकाश असताना मूळ जागेवर जावे. सूर्याची उंची दहा-पंधरा दिवसांत फारशी बदलत नाही, त्यामुळे एवढी सवलत घेता येते. मूळ कॅमेरा किंवा त्याच मॉडेलचा मोबाइल न्यावा, झूम तेवढाच ठेवावा, आणि त्या दिशेने जे काही जाईल ते सर्व टिपावे. घारी, बगळे, कबुतरांचे थवे, विमाने, हवेत सुटलेले चकचकीत फुगे आणि पिशव्या, सर्व टिपावे. प्रत्येक चित्रणासोबत डोळ्यांना ते काय दिसत होते हे लिहावे, म्हणजे डोळ्यांना ओळखू येणारा बगळा पडद्यावर कोणत्या अंतरापासून निव्वळ ठिपका होतो हे कळेल. शक्य असल्यास पांढऱ्या पुठ्ठ्याचा एक मीटरचा तुकडा २०० मीटर, ५०० मीटर आणि एक किलोमीटरवरच्या टेकडीवर कोणाला तरी धरायला सांगून तोही टिपावा. वर सांगितलेल्या तक्त्याची पडताळणी याने होते. एका दिवसाच्या या कामातून जे कळते ते घरी संगणकावर फ्रेम मोठ्या करून महिनाभरात कळणार नाही, कारण फ्रेम मोठी केल्याने नवी माहिती तयार होत नाही.

पक्ष्यांचे स्पष्टीकरण स्वीकारतानाही हीच कसोटी लावावी. डग्लस विमान कंपनीत काम करणारे अभियंते रॉबर्ट बेकर यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यात दोन्ही फिल्मांचा पुन्हा अभ्यास केला आणि नैसर्गिक स्पष्टीकरणे समाधानकारक नाहीत असे म्हटले, कारण ट्रेमाँटनच्या फिल्ममध्ये त्यांना पंखांची हालचाल दिसली नाही. त्यानंतर काँडन अभ्यासात छायाचित्रांचा भाग पाहणारे खगोलशास्त्रज्ञ विल्यम हार्टमन यांनी ट्रेमाँटनचे ठिपके पक्षी असल्याचे मान्य केले. इतक्या लहान ठिपक्यात पंखांची फडफड दिसायला हवी होती की नाही, हा प्रश्न मताचा नाही, चाचणीचा आहे. त्या भिंगाने त्या अंतरावरचा कुरव टिपून पाहिल्याशिवाय तो कोणत्याही बाजूने वापरू नये.

आणखी एक सावधगिरी. दोन प्रकरणे एकमेकांच्या आधाराला लावू नयेत. नौदलाच्या विश्लेषणात ट्रेमाँटन आणि ग्रेट फॉल्स या दोन फिल्मांचा परस्परसंबंध जोडण्याचा प्रयत्न झाला होता आणि समितीने त्याला काहीच आधार नसल्याचे स्पष्ट केले. एका फिल्ममध्ये पक्षी आणि दुसरीत विमाने असू शकतात. दोहोंत ठिपके आहेत, एवढ्यावरून त्यांना एका माळेत ओवता येत नाही.

अहवाल आणि परतफेड

अहवालात प्रथम मोजलेले आकडे लिहावे, मग गृहीत धरलेले, आणि शेवटी मत. हे तीन भाग एकमेकांत मिसळू देऊ नयेत. प्रत्येक संभाव्य कारणापुढे त्याला अनुकूल काय आणि प्रतिकूल काय हे लिहावे, आणि मत ‘ओळख पटली’, ‘बहुधा’, किंवा ‘माहिती अपुरी’ यांपैकी एका शब्दात द्यावे. ‘ओळख न पटलेली’ हा शेरा, मोजमापे पुरेशी असूनही काहीच बसत नाही अशाच वेळी वापरावा. अमेरिकी हवाई दलाच्या, उडत्या तबकड्यांच्या नोंदी तपासणाऱ्या ब्लू बुक प्रकल्पाकडे १९६९ मध्ये तो बंद होईपर्यंत १२,६१८ नोंदी जमल्या आणि त्यांतील ७०१ अशा शेऱ्याखाली राहिल्या, पण ज्या नोंदींत अंतर, वेळ आणि दिशा धड नाहीत त्यांना तो शेरा देणे म्हणजे अपुऱ्या कागदाला गूढाचा मान देणे होय. तुलनेची सर्व चित्रणे, तक्ता, नकाशा आणि साक्षीदारांची दिनांकित निवेदने अहवालासोबत जोडावीत, म्हणजे आपले मत चुकले असेल तर दुसऱ्याला तेथूनच पुढे काम करता येईल.

मूळ फिल्म किंवा मोबाइल परत करताना चित्रण करणाऱ्याला समोर बसवावे. फिल्म असेल तर तिच्या फ्रेम पुन्हा मोजाव्यात, फाइल असेल तर तिचा आकार आणि कालावधी घेतानाच्या नोंदीशी ताडून पाहावा, आणि दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहून त्याखाली दोघांनी सह्या कराव्यात.